चालू मशीनचा स्वेटर

ये गं सोनू, अशी जवळ ये. पुण्यात बसूनच ये, पण तो हातातला फोन पालथा घालून ये. थोडं भांडायचंय मला तुझ्याशी. दोन महिन्यांमागं व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "मावशी, एवढी वर्षं ज्याच्यावर काम करतेस ते मेनफ्रेम दिसतं तरी कसं?" आणि मी म्हटलं, "मी नाही बाई पाहिलेलं," तर केवढी हसलीस! वर शेजारच्या मैत्रिणीला सांगितलंस, "अगं, आमची मावशी डायनॉसोर पाळते, आणि तोही न बघता." ऐकू येतं हो मला. कान शाबूत आहेत माझे.

हसलीस तर हसलीस, पण तुझं एक बरोबर आहे. तोवर मी मेनफ्रेम पाहिलेलं नव्हतंच. ते असतं कपाटाएवढं कॉम्प्युटरचं मशीन, हजारो माणसांची कामं एकाच वेळी उरकतं, आणि त्याला आजारी पडायची परवानगी नसते. आमचं मशीन होतं युरोपातल्या एका डेअरीच्या तळघरात. आणि त्याची काळजी घेणारे आम्ही तिघं होतो सोलापुरात, जुळे सोलापूर भागात, पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत. गिरणी सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि कीबोर्डवर पिठाचा हलका थर बसायचा. समोरच्या काकूंना शेवटपर्यंत वाटत होतं की आम्ही वधूवर सूचक मंडळ चालवतो. कुणी येत-जात नाही आणि फोन मात्र सारखे, म्हणून.

या खोल्यांचे मालक म्हणजे आमचे सर. त्यांच्याबद्दल तुला तुकड्या-तुकड्यानं सांगितलंय, नीट कधीच नाही. आज ऐक.

सर मूळचे करमाळ्याजवळच्या जेऊरचे. उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईत मोठमोठ्या मशीनरूममध्ये काढली. मशीन तापू नये म्हणून त्या खोल्या इतक्या गार ठेवायचे की माणसं आत स्वेटर घालून बसायची. झालं, सरांना सवय लागली. पुढं सोलापुरात आले, मशीन गेलं समुद्रापलीकडे, पण स्वेटर काही सुटला नाही. करड्या रंगाचा, बिनबाह्यांचा, कोपऱ्यात उसवलेला. मे महिन्यात आपल्याकडे काय ऊन असतं ते तू जाणतेस. रिक्षाच्या सीटला हात लावला तर चटका बसतो. अशा उन्हात सर ऑफिसात यायचे, पंखा लावायचे, आणि काही अडलं की खुर्चीवरचा स्वेटर उचलून अंगात घालायचे.

"सर, अहो उकडतंय की!"

"उकडू द्या की. स्वेटर घातल्याबिगर मला इच्यार सुचत न्हाय."

आम्ही ओळखायचो. स्वेटर घातला म्हणजे मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय. स्वेटर काढला म्हणजे सापडलं. मधे घामाच्या धारा.

बोलणं असं अस्सल करमाळ्याकडचं, पण परदेशातून फोन आला की तेच सर असं स्वच्छ, सावकाश इंग्रजी बोलायचे की आम्ही मान वळवून बघायचो, हे दुसरंच कुणी आलं की काय. फोन ठेवला की लगेच, "बाई, च्या सांगा की खाली. आन् त्याला म्हनावं साखर कमी, मागच्या टायमाला पाकच पाजला."

मला बाईच म्हणायचे. त्यांची-माझी गाठ पडली ती माझ्या टायपिंगच्या क्लासमध्ये. तेव्हा क्लासला उतरती कळा लागली होती. टाइपरायटर कुणाला नको होता, मुली एकेक करून कॉम्प्युटरच्या क्लासला जात होत्या. उरलेल्या चार मुलींबरोबर मी स्वतःच टाइप करत बसायचे, खोलीत आवाज राहावा म्हणून. एके दिवशी हा उंच माणूस दारात येऊन उभा. डोळे मिटून आवाज ऐकत राहिला. मी विचारलं, "काय हवंय?" तर बोट माझ्याकडे करून म्हणाला, "तुमी चुकलं की थांबताय. बाकीच्या चुकून पुडं जात्यात."

"मग?"

"मला थांबनारं मानूस पायजे."

ही माझी मुलाखत. वय पंचेचाळिशीच्या पुढं, बी.ए. अर्धवट, आणि कॉम्प्युटरची भाषा म्हणजे काय असते हेही ठाऊक नाही. सरांनी एक पुस्तक दिलं, त्याला पुढचं पान नव्हतं आणि मागचंही नव्हतं. म्हणाले, "कोबोल हाय. इंग्रजीच हाय, फकस्त लई बडबडं. तुमाला जमंल." बडबड्या माणसाला बडबडी भाषा, जमली खरी. दुपारभर पुस्तक, संध्याकाळी जुने प्रोग्राम वाचायचे, कुणीतरी कुठल्या देशात कधीकाळी लिहिलेले. त्या लोकांच्या अक्षरांची मला ओळख होत गेली. एक जण होता तो जिथं तिथं स्वतःला शिव्या लिहून ठेवायचा. तो मला फार आवडायचा.

तिसरा आमचा व्यंकट. घरी तेलुगू, बापजाद्यांचा माग, हा मात्र विणकाम सोडून या धाग्यांत आला. मला अक्का म्हणतो. हात विलक्षण चलाख, आणि तोच त्याचा दोष असं सर म्हणायचे. काही बिघडलं की व्यंकटची बोटं आधी कीबोर्डवर जायची, डोकं मागून यायचं. त्याच्यासाठीच सरांनी तो नियम काढला असेल, पण लागू सगळ्यांना होता.

नियम असा. मशीनवर काही पडलं की, म्हणजे एखादं काम मधेच बंद पडलं की, सर ओरडायचे, "हात मागं!" आपण लगेच खुर्चीतून उठायचं, हात पाठीमागे बांधायचे, शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तसं. आणि शेवटचं आपण काय केलं ते मोठ्यानं सांगायचं. कीबोर्डला हात नाही. खालून चहा येईपर्यंत नाही. चहा संपेपर्यंत नाही.

"काल चाललं व्हतं?" सर विचारायचे.

"हो."

"आज काय बदललं?"

"काहीच नाही, सर."

"काहीच न्हाय, हे कुनी केलं त्येवडं सांगा." आणि हसायचे.

सोनू, तुला खोटं वाटेल, पण निम्म्या अडचणी त्या चहातच सुटायच्या. एकदा दुधाचा हिशेब करणारा प्रोग्राम रोज एकाच ठिकाणी कोलमडत होता. आकड्याच्या जागी आकडा नसला की हे मशीन जागच्या जागी बसतं, पुढं सरकतच नाही. आमच्यात त्याला सॉक सेव्हन म्हणतात. व्यंकट हात मागे बांधून सांगत होता, "शेतकरी नवा, गाई नव्या, दूध..." आणि थांबला. "सर, नव्या शेतकऱ्याच्या गाई अजून व्यायल्याच नाहीत! दुधाची जागा कुणी रिकामी ठेवलीय." सर म्हणाले, "शून्य लिवा म्हनावं त्येंना. गाय गाभन असली म्हनून मशीन का उपाशी ठेवायचं?" आणि स्वेटर काढला.

मशीनला अरे-तुरे केलेलं सरांना चालायचं नाही. "ते बंद हायेत," "त्येंना उठवा," असं. मी एकदा विचारलं, "सर, एवढा मान कशाला?" तर म्हणाले, "आपन झोपतो तवा ते जागं असत्यात. मान नगं?" मग कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन कीबोर्डशेजारीच खायला बसले. आम्हाला तिथं बिस्किटही खायला बंदी होती, बरं का. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "मी सांडत न्हाय." सांडायचे. रोज सांडायचे. व्यंकट रंग मारायचा ब्रश घेऊन रोज संध्याकाळी सरांचा कीबोर्ड झटकायचा, आणि सर म्हणायचे, "पीठ लई येतंय खालनं."

आता मुख्य गोष्ट. तिच्यासाठीच तुला जवळ बसवलंय.

त्या डेअरीत आमचं काम बघणाऱ्या एक इंगे बाई होत्या. मशीनवरचा सगळ्यात नाजूक जॉब, म्हणजे काम, टँकरचा. कुठला टँकर कुठल्या शेतावर दूध आणायला जायचा, ते तो ठरवायचा आणि ड्रायव्हरांना निरोप पाठवायचा. तो थांबला की टँकर थांबले. टँकर थांबले की शेतांवरच्या टाक्या भरून वाहणार, आणि दूध काय वाट बघतं होय? त्या सुमारास इंगे बाईंच्या साहेबांच्या डोक्यात आलं होतं की सोलापूरच्या या तिघांपेक्षा एखाद्या बड्या कंपनीला काम द्यावं. इंगे बाईंनी सरांना फोनवर स्पष्ट सांगितलं, "मी तुमच्या बाजूनं भांडते आहे. पण या महिन्यात मशीन एकदा जरी थांबलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सर फोन ठेवून म्हणाले, "मंजे म्हैनाभर नीट बसा." एवढंच. पण आम्हाला कळलं. आमच्याकडे तेवढं एकच काम होतं. ते गेलं की खोल्या बंद. व्यंकट पुण्याला वगैरे गेला असता. मला कोण घेणार होतं? टायपिंगचा क्लास विकून टाकलेला, त्या जागी मोबाइल दुरुस्ती. तुझे काका गेल्यानंतर त्या ऑफिसनं मला उभं केलं होतं गं. सकाळी कुठंतरी जायला मिळायचं, कुणीतरी माझी वाट बघायचं.

महिना संपत आला होता. दुपारची वेळ, नुकतीच जेवणं झालेली. तिकडे तेव्हा सकाळ. सरांच्या पडद्यावर दोन खिडक्या उघड्या होत्या, एक चालू मशीनची, म्हणजे ज्यावर डेअरीचं रोजचं काम चालायचं त्याची, आणि एक चाचणीच्या मशीनची, जिथं आम्ही बदल आधी करून बघायचो. दोन्ही काळ्या, दोन्हीत हिरवी अक्षरं, जुळी भावंडं. व्यंकट कधीचा म्हणत होता, "सर, चालू मशीनला लाल रंग देऊ या." सर म्हणायचे, "रंगानं वळखायचं तर आपन कशाला हितं?" त्या दिवशी चाचणीचं मशीन बंद करून तपासायचं होतं. तेवढ्यात खालून गिरणीवाल्यांची हाक आली, "ओ साहेब, गाडी काढा की, पोती उतरवायचीत!" सरांनी खिडकीकडे वळून "आलो, आलो" म्हटलं, आणि वळता वळता बंद करायचा हुकूम टाइप करून एंटर दाबला.

गाडी काढून वर आले, पडद्याकडे बघितलं, आणि तसेच उभे राहिले.

चाचणीचं मशीन चालू होतं. चालू मशीन बंद होत होतं.

अशी चूक आमच्याच धंद्यात होते, सोनू. हात बरोबर, हुकूम बरोबर, फक्त खिडकी शेजारची. एकदा हुकूम गेला की ते मशीन सगळं शिस्तीत आवरून झोपी जातं, आणि पूर्ण झोपल्याशिवाय उठवता येत नाही. आम्ही तिघं ते आवरणं बघत बसलो. टँकरचा जॉब अर्ध्यावर होता.

मशीन उठलं. आणि सर, आमचे सर, खुर्चीत बसले आणि भराभर टाइप करायला लागले. टँकरचा जॉब पहिल्यापासून पुन्हा सोडायला निघाले होते. मानेवरून घाम, स्वेटर खुर्चीवरच, अंगात घातलेलाच नाही. व्यंकटनं माझ्याकडे बघितलं. मला कळत होतं की हे पहिल्यापासून चालवलं तर ज्या टँकरना निरोप गेलेत त्यांना पुन्हा जातील, एकाच शेतावर दोन टँकर उभे राहतील आणि दुसऱ्या शेतावर एकही नाही. सरांना हे माझ्या दसपट ठाऊक. पण त्या क्षणी त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांचं बोट एंटरवर होतं.

मी ओरडले, "सर! हात मागं!"

स्वतःच्याच आवाजानं दचकले मी. खालची गिरणीसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

सरांचं बोट हवेत राहिलं. मग ते उठले, हात पाठीमागे बांधले, आणि एखाद्या शहाण्या पोरानं सांगावं तसं सांगायला लागले. "भाकरी खाल्ली. खालनं हाक आली. मी गाडीकडं बघितलं. हात हितं व्हता, डोळं तितं. उजव्या खिडकीत लिवायचं ते डाव्या खिडकीत लिवलं." श्वास घेतला. "व्यंकट, तो स्वेटर घाल मला."

व्यंकटनं मागून स्वेटर चढवला. हात बांधलेले, म्हणून तो नुसता गळ्यातून लोंबत राहिला. तसे ते उभे होते, आणि आम्हाला हसू आलं नाही.

"बाई, कीबोर्ड तुमी घ्या."

"मी?"

"ज्यानं पाडलं त्यानं उचलायचं न्हाय. त्याचे हात कापत्यात. बसा. किती टँकरला निरोप गेले बगा आदी."

मी बघितलं. "उत्तरेकडच्या सगळ्यांना गेलेत. दक्षिणेकडचे राहिलेत."

"मग मधनंच सुरू करता येतंय का?"

व्यंकट वाकून म्हणाला, "नाही सर. मधल्या टप्प्याला पहिल्या टप्प्याची फाईल लागते. मशीन झोपलं तशी ती पुसली गेली."

सरांनी वर बघितलं. पंखा फिरतोय. मग म्हणाले, "फाईल पुन्ना बनवू द्या. पन बनवताना निरोपाचं दार लावून घ्या. फाईल झाली, की दक्षिणंपुरतं दार उगडा."

माझी बोटं चालली, सोनू. चुकले तिथं थांबले, पुसलं, पुन्हा लिहिलं. एंटर दाबायच्या आधी मी वळून बघितलं, तर सर डोळे मिटून उभे होते. टायपिंगचा आवाज ऐकत होते. म्हणाले, "चुका न्हाईत. सोडा."

टँकर निघाले. उशिरा निघाले, पण निघाले. दूध कुठं वाहिलं नाही. एका ड्रायव्हरनं मधल्या वेळात दुसरी कॉफी घेतली, एवढंच नुकसान.

पण मशीन थांबलं होतं. महिना संपायच्या आत. आता फोन.

व्यंकट हळूच म्हणाला, "सर, नेटवर्क गेलं होतं म्हणू या. सगळेच म्हणतात."

सर म्हणाले, "मग नेटवर्कला हात मागं करायला लावशील का?" आणि फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून इंगे बाई "हॅलो" म्हणायच्या आत सरांनी त्यांच्या स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की मशीन बंद झालं नाही, बंद केलं. मी केलं. चुकीच्या खिडकीत. दूध वाचलं आहे, आणि ते माझ्या माणसांनी वाचवलं, मी नाही.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग इंगे बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हे काम करते. 'मी केलं' असं मला पहिल्यांदा कुणी सांगितलं. बरं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार?"

सरांनी इकडे तिकडे बघितलं. लाल रंगाचं नाव तरी घेतील म्हणून व्यंकट आशेनं पुढं सरकला. सरांनी गळ्यातला स्वेटर ओढून काढला. "उद्यापासून दोन वेगळे पडदे. चालू मशीनच्या पडद्यावर हा स्वेटर राहील. त्या मशीनला हात लावायचा असेल, तर आधी स्वेटर काढून अंगात घालायचा. माझ्या गावात चाळीस डिग्रीच्या पुढं ऊन असतं. उगाच कुणी घालणार नाही."

इंगे बाईंना तो प्रकार दोनदा समजावून सांगावा लागला. मग त्या हसल्या. पण वचन काही दिलं नाही हं. म्हणाल्या, "बैठक पुढच्या आठवड्यात आहे. बघते."

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच माहीत. रोज सकाळी ऑफिसला जाताना जिना चढायची नि वाटायचं, हा जिना आता किती दिवस? सरांनी मात्र चालू मशीनच्या पडद्याला स्वेटर घातला, बाह्यांच्या भोकांतून वायरी काढल्या, आणि गिरणीवाल्यांना वर बोलावून दाखवला. ते म्हणाले, "सर्दी झाली काय त्याला?"

बैठकीनंतर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर इंगे बाई आणि त्यांच्या ऑफिसातले पाचसहा जण, सगळे गोरेपान, उंच. आणि सगळे हात पाठीमागे बांधून उभे. एकाच्या अंगात लोकरीचा स्वेटर. व्यंकट "अय्यो" म्हणाला आणि खालीच बसला. सर नाक पुसत राहिले, आणि म्हणाले पीठ लई येतंय खालनं.

बड्या कंपनीची माणसं म्हणे बैठकीत सांगत होती, "आमच्याकडून चूक होतच नाही." त्यावर इंगे बाईंनी साहेबांना विचारलं होतं, "मग चूक झाल्यावर काय करायचं, हे यांना कुठून माहीत असणार?" काम आमच्याकडेच राहिलं. अजूनही आहे. तो स्वेटरही आहे, रफू करून करून आता त्यात मूळचा धागा किती ते व्यंकटच सांगेल. मी तो घालते तेव्हा माझ्या गुडघ्यांपर्यंत येतो.

सर आता जेऊरला असतात. शेत, दोन म्हशी. एकीचं नाव इंगे. इंगे बाईंना ते माहीत आहे, त्यांनी फोटो मागवून घेतला आणि टेबलावर लावला. पाण्याची मोटार बंद पडली तर अजून सर गड्याला ओरडतात, "हात मागं!" आणि गडी बिचारा चिखलात उभा राहून सांगतो काय केलं ते.

आणि आता तुझ्या डायनॉसोरचं. मध्यंतरी डेअरीनं नवं मशीन घेतलं, जुनं काढून टाकलं. इंगे बाईंनी सरांना विचारलं, आठवण म्हणून काय पाठवू? सर म्हणाले, "त्या मशीनचं दार." पाठवलं की बाईंनी, लाकडी खोक्यात, समुद्रातून. मुंबईत कस्टमवाल्यांनी विचारलं हे कशाचं दार, तर सरांनी सांगून टाकलं, "गोठ्याचं." आणि खरंच लावलं गोठ्याला. काळं, उंच, जाळीचं, त्याच्या मागं इंगे रवंथ करत उभी.

मी मागच्या महिन्यात जाऊन आले. इतकी वर्षं ज्याच्याशी बोलले त्याच्यावरून पहिल्यांदा हात फिरवला. गार होतं गं, उन्हातसुद्धा. पण हात फिरवायच्या आधी सरांनी मला अंगणातच थांबवलं होतं.

म्हणून सांगते, आता नुसती फोनवर हसू नकोस. पुण्याहून येताना सोलापूरपर्यंत येऊच नकोस, जेऊरला थांबणारी गाडी बघून जेऊरलाच उतर. मी स्टेशनवर असेन, व्यंकटलाही घेऊन येईन. सर दूध तापवून ठेवतील. लवकर ये. आणि सोनू, ऊन कितीही असू दे, येताना स्वेटर आण. त्याच्याशिवाय ते हात लावू देत नाहीत.